उपयुक्तता, न्याय आणि ‘हक्क’ : मराठी अर्थविचारातील एका वादाचा मागोवा

उपयुक्ततावादाचे सुप्रसिद्ध इंग्रजी सूत्र मराठीत आणताना लोकमान्य टिळकांनी ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ अशी शब्दयोजना केली. मूळ सूत्रात श्रेष्ठतावाचक विशेषण दोनदा येते, सुखालाही आणि संख्येलाही. मराठी रूपात ते दोन्ही ठिकाणी गळले आहे. ‘पुष्कळ’ हा शब्द ढिगाचा आहे, हिशेबाचा नव्हे. ढीग डोळ्यांनी पाहावयाचा असतो; त्याची बेरीज मांडून दुसऱ्या ढिगाशी तुलना करावी अशी अपेक्षा त्या शब्दात नाही. ही केवळ भाषांतराची ढिलाई मानून पुढे जाता येईल. परंतु बेंथॅमच्या नीतिशास्त्राचे सारे बळ त्या श्रेष्ठतावाचक प्रत्ययात, म्हणजे सुखदुःखांची बेरीज-वजाबाकी करता येते या गृहीतात आहे, हे लक्षात घेतले म्हणजे मराठीत नेमके तेच का गळाले असावे, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकालाही आपला वाटू लागतो.

उदारमतवादी अर्थविचाराच्या इतिहासात उपयुक्तता आणि न्याय यांचा संबंध सहसा ग्रंथांच्या क्रमाने सांगितला जातो. ह्यूमने १७५१ मध्ये न्यायाचे मूळ समाजोपयोगात शोधले. ॲडम स्मिथने १७५९ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात परोपकाराला इमारतीची शोभा आणि न्यायाला तिचा मुख्य खांब मानले. बेंथॅमने १७८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुखदुःखाला कायद्याचे एकमेव माप ठरविले आणि नैसर्गिक हक्कांची कल्पना निरर्थक म्हणून बाजूस सारली. जॉन स्टुअर्ट मिल्लने १८६१ मध्ये उपयुक्ततावादावर लिहिताना पाचवे आणि सर्वांत मोठे प्रकरण न्यायासाठी राखून ठेवले; माणसाच्या सुरक्षिततेशी निगडित असे जे अत्यावश्यक नियम, त्यांनाच न्याय म्हणतात, असे सांगून त्याने हा जुना विरोध मिटविण्याचा प्रयत्न केला. तो मिटला नाही, हे १९७१ मधील जॉन रॉल्सच्या ग्रंथाने आणि त्यानंतर अमर्त्य सेन यांच्या लेखनाने पुरेसे दाखविले आहे. अनेकांचे हित वाढते म्हणून एकाचा हक्क काढून घेता येईल काय, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

महाराष्ट्रात मात्र हा वाद ग्रंथांतून आला नाही. तो जमिनीच्या साऱ्यातून आला. ग्रंथ मागाहून आले.

ज्या भाषेत तो आला, त्या भाषेत आधी काय होते हे थोडक्यात पाहिले पाहिजे. ‘न्याय’ या शब्दाला मराठीत दोन संसार आहेत. एक शास्त्री-पंडितांचा, ज्यात न्याय म्हणजे तर्कशास्त्र, किंवा स्थालीपुलाकन्यायासारखा दृष्टान्त. दुसरा गावगाड्याचा, ज्यात न्याय म्हणजे निवाडा. मिरासीचा किंवा पाटिलकीचा तंटा गोतसभेपुढे जाई, साक्षी-पुरावे होत, महजर लिहिला जाई. त्या महजरात ‘समाजाचे हित कशात आहे’ हा प्रश्न नसे. वतन पूर्वापार कोणाचे, एवढेच ठरवावयाचे असे. ‘हक्क’ हा अरबीतून आलेला शब्दही याच कागदांतला. हक्क-लवाजमा, मानपान, बलुते अशा जोडीने तो येतो आणि नेहमी कोणाचा तरी, कशावर तरी असतो. पाटलाचा हक्क, कुलकर्ण्याचा हक्क, महारांचे परंपरेने सांगितले जाणारे बावन्न हक्क. सर्वांचा म्हणून एक हक्क ही कल्पना त्या कागदांत सापडत नाही.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात मिरासदार व उपरी हा भेद बारकाईने नोंदविला. मिरासदार हा वंशपरंपरेचा जमीनधारक. सारा भरतो तोवर त्याला कोणी उठवू शकत नाही, गावात त्याला मान, आणि गाव सोडून गेला तरी परत येऊन जमीन मागण्याची त्याला मुभा. उपरी हा बाहेरून आलेला, कराराने कसणारा. मिरासदाराचा सारा बहुधा उपऱ्यापेक्षा जड असे, आणि तो जडपणा तो मानाच्या मोबदल्यात सोसत असे. नव्या राज्यकर्त्यांपुढे प्रश्न होता तो हा, की सारा ठरवावा कशाच्या आधारावर? पूर्वीच्या वहिवाटीवर, की एखाद्या तत्त्वावर?

तत्त्व तयार होते. रिकार्डोचा ग्रंथ १८१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. जमिनीच्या उत्पन्नातून मजुरी आणि भांडवलावरचा सामान्य नफा वजा केला म्हणजे जे उरते तो खंड, आणि हा खंड कोणाच्या श्रमाचे फळ नसून जमिनीच्या कमीअधिक सुपीकतेचे फळ असतो, असा त्याचा सिद्धान्त होता. मग त्यावर कर बसविल्याने धान्य महाग होत नाही, शेती कमी होत नाही, कोणाचे नुकसान होत असेलच तर ते आयत्या उत्पन्नावर जगणाऱ्याचे. उपयुक्ततावाद्याच्या दृष्टीने याहून निर्दोष कर कोणता? जेम्स मिल्ल १८१९ पासून लंडनच्या इंडिया हाउसमध्ये होता आणि हिंदुस्थानात सरकार हेच जमिनीचे मालक असल्याने खंड सरकारने घ्यावा, यावर त्याची निष्ठा होती. ज्या हेलिबरीच्या कॉलेजात कंपनीचे तरुण नोकर तयार होत, तेथे १८०५ पासून १८३४ पर्यंत माल्थस हा अर्थशास्त्र शिकवीत होता. त्याच्या हाताखाली शिकलेला रॉबर्ट कीथ प्रिंगल १८२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दख्खनच्या पाहणीवर नेमला गेला.

प्रिंगलचे काम वाचताना त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका येत नाही, आणि खरा धोका तेथेच आहे. त्याने शेतोशेत मोजणी करविली, जमिनींच्या प्रती लावल्या, प्रत्येक प्रतीच्या जमिनीत काय पिकते, बैल, बी-बियाणे, मजुरी यांचा खर्च किती, हे काढून निव्वळ उत्पन्नाची कोष्टके तयार केली आणि त्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारचे असे ठरविले. पंचावन्नच का, असे विचारण्याची सोय त्या कोष्टकात नव्हती. कोष्टकात मिरासदार व उपरी हा भेदही उरला नाही. जमीन बोलत होती, माणूस नव्हे. पूर्वापार कोण हे विचारणारा महजर आणि किती पिकते हे विचारणारे कोष्टक हे एकाच शेताचे दोन अगदी निराळे वाचन आहेत. आणि दुसऱ्याने पहिल्याला एका पिढीत निरुपयोगी करून टाकले.

परिणाम सर्वश्रुत आहे. ज्या आकड्यांवर कोष्टके उभी होती ते खालच्या कामगारांनी लाच घेऊन किंवा अंदाजाने भरलेले होते. त्यातच १८३० च्या आसपास धान्याचे भाव पडले. सारा वसूल होईना, जमिनी पडीक पडू लागल्या, रयत घरदार सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली. अधिकाऱ्यांनी याचे खापर बहुधा देशी कारकुनांच्या लाचखोरीवर फोडले. ते अर्धेच खरे होते. आकडे शुद्ध असते तरी चांगल्या-वाईट सालांची सरासरी काढून तिच्यावर रोख सारा मागितला, की वाईट साली शेतकऱ्याने काय करावयाचे, याला सिद्धान्तात उत्तर नव्हते. सरासरीवर कोणी जेवत नाही.

१८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी पाहणी सुरू केली. तिचे महत्त्व असे की तिने रिकार्डोला जाहीरपणे नाकारले नाही, पण व्यवहारातून बाद केले. निव्वळ उत्पन्न काढण्याचा नाद सोडून त्यांनी जमिनीची सापेक्ष प्रत काळी, तांबडी, बरड आणि मातीची खोली अशी सोळा आण्यांच्या प्रमाणात लावली, आणि एकूण आकार मागील वसूल, भाव, पाऊस, बाजाराचे अंतर यांवरून अनुमानाने ठरविला. तो तीस वर्षे बदलावयाचा नाही असे वचन दिले. १८४७ च्या संयुक्त अहवालाने हीच पद्धत मुंबई इलाख्याची झाली. सिद्धान्त गेला आणि अनुभव आला, असे म्हणावे तर एक गोष्ट राहून जाते. या पद्धतीने शेतकऱ्याला जमिनीवरचा कब्जा विकता व गहाण टाकता येईल अशा स्वरूपात दिला. मिरासी जी देत होती ती सुरक्षितता होती. हा जो दिला तो विक्रेय हक्क होता. पुढच्या चाळीस वर्षांची बीजे या फरकात आहेत. (विंगेटने पुढे १८५९ मध्ये हिंदुस्थानाकडून इंग्लंडने घेतलेल्या खंडणीवर कडक टीका करणारी पुस्तिका लिहिली, हे त्याच्या सचोटीचे द्योतक म्हणून नोंदवावे.)

याच काळात मराठीत अर्थशास्त्राची पहिली पुस्तके येत होती. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ चे, हरि केशवजींचे ‘देशव्यवहारव्यवस्था’ १८५४ चे, कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ १८५५ चे. नावेच पाहण्यासारखी आहेत. एकाने नव्या शास्त्राला लक्ष्मीच्या घरात बसविले, दुसऱ्याने देशाच्या व्यवहारात, तिसऱ्याने सरळ परिभाषेचाच प्रश्न पुढे घेतला. या ग्रंथांची मोठी कामगिरी म्हणजे श्रम, भांडवल, मोल या गोष्टींवर मराठीत विवेचन करता येते हे त्यांनी सिद्ध केले. परंतु इंदापुरात किंवा भीमथडीत काय चालले आहे याचा त्यांच्या मुख्य विवेचनाशी फारसा संबंध नाही. शास्त्र इंग्लंडचे, उदाहरणे बहुधा सार्वत्रिक, आणि वाचक शहरातला. ‘न्याय’ आणि ‘उपयोग’ हे शब्द अजून समोरासमोर उभे राहिले नव्हते.

ते उभे केले ते कर्जरोख्यांनी. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, कापसाचे भाव चढले आणि युद्ध संपताच कोसळले. १८६७ पासून तीस वर्षांची मुदत संपलेल्या तालुक्यांत, इंदापुरापासूनच, सारा वाढविला जाऊ लागला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत आटोपशीर केली होती, ती ऋणकोच्या रक्षणासाठी. प्रत्यक्षात सावकार दर थोड्या वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. दिवाणी न्यायालय रोख्यावरची सही पाही. सही खरी, तर कर्ज खरे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जो उठाव झाला आणि नंतर पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला, त्यात माणसांवर हिंसा फार थोडी झाली. लोकांना हवे होते ते कागद. ते मिळवून त्यांनी जाळले. निरक्षर माणसांनी एका लिखित व्यवस्थेवर केलेले हे मोठे नेमके भाष्य होते.

सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा केला. उदारमतवादी विचाराच्या इतिहासात या कायद्याला जितके स्थान मिळावयास हवे तितके मिळालेले नाही. याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याची मुभा दिली, हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला, कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले, आणि स्पष्टपणे गहाण न दिलेली जमीन विकण्यास आडकाठी केली. १८६१ मध्ये हेन्री मेनने समाजाची प्रगती जन्मसिद्ध दर्जाकडून कराराकडे होते असे प्रतिपादन केले होते, आणि पुढल्याच वर्षी तो हिंदुस्थान सरकारचा कायदेमंत्री म्हणून येथे आला. त्याच सरकारने, वीस वर्षांच्या आत, एका विशिष्ट जिल्ह्यांतल्या एका विशिष्ट वर्गासाठी कराराचे पावित्र्य मोडले. कशाच्या नावावर? शांततेच्या, म्हणजे उपयुक्ततेच्या, असे अधिकारी म्हणत. परंतु रोख्याच्या मागे जाऊन पाहणे ही जुन्या निवाड्याचीच रीत होती, हे गावच्या माणसाला सांगावे लागले नसते.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८८० नंतरच्या दशकात याच कायद्याखाली न्यायाधीशाचे काम केले. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर त्यांनी जे व्याख्यान दिले, त्यामागे गावोगाव तपासलेली ही कर्जप्रकरणे होती, हे विसरून ते वाचले की ते नुसते जर्मन पंथाचे पडसाद वाटते. इंग्रजी अर्थशास्त्राची गृहीतके म्हणजे मनुष्य केवळ स्वहित पाहतो, श्रम व भांडवल मोकळेपणी हिंडतात, करार करणारे दोघे सारखे समर्थ असतात. ही गृहीतके इंग्लंडातही पुरती खरी नाहीत आणि येथे तर त्यांच्या उलट स्थिती आहे, असे त्यांनी मांडले. ज्याला खंड म्हणून सरकार घेते त्यात शेतकऱ्याची मजुरी आणि नफाही ओढला जातो, हा त्यांचा आक्षेप रिकार्डोच्या मर्मावर होता. तथापि रानड्यांना न्यायवादी म्हणून एका बाजूस बसविणे चुकीचे होईल. १८८३ मध्ये प्रशियातील जमीनविषयक कायद्यांवर लिहिताना त्यांनी कुळाची मुक्तता मागितली, पण जमीनदाराला मोबदला देऊन, आणि शेतीत भांडवल घालील असा सधन वर्ग उभा राहावा ही इच्छा धरून. राष्ट्राचे उत्पादन वाढणे हे त्यांच्या विचारात शेवटपर्यंत मोठे प्रयोजन होते. उपयुक्ततेचे एकक त्यांनी व्यक्तीवरून राष्ट्रावर नेले. बेरीज मात्र सोडली नाही.

जोतीराव फुले यांचा मार्ग निराळा, आणि त्याचा उगम एका निराळ्या इंग्रजी पुस्तकात. १८४७ च्या सुमारास त्यांनी टॉमस पेनचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला. बेंथॅमने ज्यांना निरर्थक म्हटले त्याच नैसर्गिक हक्कांचा हा ग्रंथ होता. म्हणजे एकाच शतकात इंग्लंडातून दोन परस्परविरोधी गोष्टी पुण्यात पोचल्या होत्या. हेलिबरीच्या वाटेने उपयुक्तता कलेक्टर कचेरीत आली, आणि मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेल्या एका माळी तरुणाच्या हाती हक्क आले. १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये फुले सारावाढ, जंगलखात्याचे निर्बंध, परदेशी मालाने कारागिरांची झालेली उपासमार, कचेरीतल्या भटकारकुनांची अडवणूक यांची मांडणी करतात आणि बंधारे-तलाव बांधण्यापासून जनावरांची पैदास सुधारण्यापर्यंत उपाय सुचवितात. या उपायांत उपयुक्ततेला पुरते स्थान आहे. पण त्यांचा आरंभबिंदू हिशेब नाही. शेतकऱ्याच्या घरात जाऊन तेथली भांडी, चूल, अंथरूण, जनावरांची जागा यांचे जे वर्णन ते करतात, ते अर्थशास्त्राच्या कोष्टकाला दिलेले उत्तर आहे. प्रिंगलने शेत मोजले, फुल्यांनी घर मोजले. मराठी गद्याच्या इतिहासात या वर्णनाचे स्थान शैलीच्या अंगाने बोलले जाते, ते योग्यच. परंतु ते एका वादातला युक्तिवाद म्हणूनही वाचले पाहिजे.

फुल्यांच्या लेखनात ‘हक्क’ या शब्दाचे जे झाले ते त्याहून महत्त्वाचे. हक्क-लवाजम्यातून सुटून तो सर्व स्त्रीपुरुषांचा झाला, आणि १८९१ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त तर तो निर्मिकाने दिलेला झाला. राज्याने काय द्यावे याच्या आधीच जे माणसाजवळ आहे ते. बावन्न हक्कांची यादी जेथे होती तेथे एकवचन आले.

टिळकांनी हा प्रश्न तिसऱ्याच दिशेने घेतला. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ मध्ये लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’तील आधिभौतिक सुखवादाचे प्रकरण हे मराठीत उपयुक्ततावादाची झालेली पहिली मोठी परीक्षा होय. बेंथॅम, मिल्ल, सिज्विक यांना ते टाळीत नाहीत. संख्येचा आक्षेप ते महाभारतातून घेतात : कौरवांची अकरा अक्षौहिणी आणि पांडवांची सात, तेव्हा पुष्कळांचे सुख कोणत्या बाजूस, हे मोजून युद्धाचा धर्म ठरणार काय? दुसरे उदाहरण अमेरिकेतले. एका मोठ्या शहरात ट्रामगाडी हवी होती, परवानगी मिळण्यास विलंब होत होता, तेव्हा चालकाने अधिकाऱ्यांना लाच देऊन काम उरकले. लोकांची सोय झाली, पण लाचेचा खटला उभा राहून त्याला शिक्षा झाली. ट्रामने पुष्कळांचे पुष्कळ हित झाले यात वाद नाही. मग शिक्षा का? टिळकांचे उत्तर असे की कर्माची योग्यता परिणामावर नव्हे, कर्त्याच्या बुद्धीवर ठरते. येथे एक अडचण राहते आणि ती टिळकांच्या समीक्षकांनी पुरेशी पाहिली नाही. शुद्ध बुद्धीने आखलेल्या धोरणातही एखाद्याचा हक्क हिरावला जाऊ शकतो. प्रिंगलची बुद्धी अशुद्ध होती असे कोण म्हणेल? आणि ज्याचे गेले त्याला कर्त्याच्या बुद्धीची चौकशी करून काय मिळणार?

हा प्रश्न जुना झालेला नाही. दिल्लीतील सरोजिनी नगर ही सरकारी नोकरांच्या निवासाची जुनी वसाहत. शेजारीच नौरोजी नगर. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या दोहोंसह सात वसाहतींचा पुनर्विकास मंजूर केला. जुनी बैठी व दुमजली घरे पाडून जवळजवळ दुप्पट घरे बांधावयाची, आणि त्याचा खर्च काही जमिनीवर व्यापारी जागा बांधून तिच्या विक्रीतून भागवावयाचा. नौरोजी नगर या व्यापारी भागासाठी गेले. हिशेबाच्या दृष्टीने योजनेत उणे काढण्यास फारशी जागा नाही. तिजोरीवर भार न पडता घरे दुप्पट होतात. परंतु जून २०१८ मध्ये हजारो झाडांच्या तोडीचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला व तोड थांबविण्यात आली, आणि एप्रिल २०२२ मध्ये सरोजिनी नगरातील सुमारे २०० झोपड्या हटविण्यास सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. घरे मोजणाऱ्या कोष्टकात झोपडी हे घर नव्हते. ज्या दादाभाईंचे नाव त्या वसाहतीला होते, त्यांनी हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढून ते तुरुंगातील कैद्याच्या निर्वाहखर्चाशी ताडून पाहिले होते, याची आठवण येथे सहज होते. दादाभाईही हिशेबच मांडीत होते. पण सरासरीला एका जिवंत माणसाच्या पोटाशी आणून भिडविण्याची त्यांची रीत कोष्टककारांच्या रीतीहून मुळातच वेगळी होती.

परत महाराष्ट्राकडे. १९०१ मध्ये मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. साऱ्याच्या थकबाकीसाठी जप्त झालेली जमीन शेतकऱ्याला परत द्यावयाची, पण ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क न देता. हेतू सावकारापासून रक्षणाचा. फिरोजशहा मेहता आणि गोखले यांनी विधिमंडळात कडाडून विरोध केला व काही सभासदांसह सभात्याग केला. टिळकांचाही विरोध होता. शेतकऱ्याची पत जाईल, आणि मालक असलेला माणूस सरकारचे कूळ बनेल, असे त्यांचे म्हणणे. येथे बाजू उलटल्या आहेत हे ध्यानात यावे. परकी सरकार दुर्बळाच्या रक्षणाची भाषा बोलत आहे आणि उदारमतवादी पुढारी विक्रीच्या स्वातंत्र्याची. विरोधकांत सावकारी हितसंबंध नव्हते असे नाही. तरीही त्यांच्या युक्तिवादातला एक भाग टिकतो. ज्याला आपले विकता येत नाही त्याला ते आपले म्हणता येते काय?

या प्रश्नाला पूर्ण वळसा घालून उत्तर दिले ते डॉ. आंबेडकरांनी. ते पेशाने अर्थशास्त्रज्ञ. १९१८ मधील लहान शेतधारणांवरील त्यांचा निबंध शुद्ध उपयुक्ततेच्या अंगाने जातो. शेत लहान की मोठे हे क्षेत्रफळावर ठरत नाही, त्यावर लागणाऱ्या भांडवल व श्रमाच्या प्रमाणावर ठरते, आणि उपाय शेतीत नसून उद्योगांच्या वाढीत आहे, असे ते दाखवितात. त्याच लेखकाने १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारता’तून महारांना आपले वतन सोडण्यास सांगितले आणि १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनविषयक विधेयक आणले. वतनाची जमीन थोडी, त्यावर सरकारची व गावाची अष्टौप्रहर वेठ, आणि वेतन म्हणून घरोघरचे बलुते. हिशेबाने पाहता वतन हा तोट्याचा व्यवहार होता, आणि आंबेडकरांनी तो हिशेब मांडला. पण मुख्य मुद्दा हिशेबाचा नव्हता. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या हक्क म्हटले, ज्यात मेलेल्या जनावराचे कातडेही हक्क म्हणून मोजले जाई, तो हक्क नसून बांधिलकी आहे, असे त्यांनी हक्कदारांनाच सांगितले. १९२७ च्याच डिसेंबरात महाडच्या परिषदेत त्यांनी १७८९ च्या फ्रान्सचा दाखला दिला. फुल्यांनी एकवचन केलेला हक्क येथे अनेकवचनी हक्कांचा त्याग मागू लागला.

विधेयक मंजूर झाले नाही. १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या १९४७ च्या निवेदनात त्यांनी याच विचाराचे तात्त्विक रूप मांडले. राज्याने अर्थव्यवहारातून हात काढून घेतला की स्वातंत्र्य वाढते असे उदारमतवादी मानतात, परंतु राज्य जेथून निघून जाते तेथे जमीनदार आणि कारखानदार येऊन बसतात. म्हणून अर्थरचना बहुमताच्या मर्जीवर न सोडता घटनेतच घालावी. उपयुक्ततेचे सूत्र बहुसंख्येला प्रमाण मानते. ज्या देशात बहुसंख्या जन्मानेच ठरलेली असते तेथे ‘पुष्कळ’ कोण हे मोजण्यापूर्वीच ठाऊक असते, ही गोष्ट बेंथॅमच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. मोजताना प्रत्येकाला एक धरावे, कोणालाही एकाहून अधिक धरू नये, असे वचन मिल्लने बेंथॅमच्या नावावर दिले आहे. आंबेडकरांचा आक्षेप त्या वचनावर नाही. गावकुसाबाहेरच्याला एक तरी धरले जाते काय, एवढेच ते विचारतात.

खोती १९४९ च्या कायद्याने गेली. कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. जमीन पूर्वीच्या वतनदाराला आकाराच्या तिप्पट रक्कम भरल्यावर परत देण्याची तरतूद झाली, मात्र कलेक्टरच्या पूर्वपरवानगीवाचून विकता न येण्याच्या शर्तीवर. १९०१ मध्ये गोखले-मेहतांनी ज्या प्रकारच्या शर्तीविरुद्ध सभात्याग केला होता, तिचीच ही पुढली पिढी. सातबाराच्या उताऱ्यावर आजही अशा जमिनीपुढे ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असते. शहरे वाढून पुण्यासारख्या ठिकाणी या जमिनींना सोन्याचे मोल आल्यावर शर्तीचा प्रश्न पुन्हा न्यायालयांत गेला आहे. शर्त नसती तर त्या जमिनी केव्हाच दुसऱ्यांच्या झाल्या असत्या, असे एक पक्ष म्हणतो. शर्तीमुळे मालकाला रास्त किंमत न मिळता त्या आडमार्गाने गेल्याच, असे दुसरा. परवानगी घेऊन विक्री झाली तर वाढलेल्या किमतीचा मोठा वाटा सरकार नजराणा म्हणून घेते. महसूल खात्याच्या मराठीत त्या रकमेला ‘अनर्जित’ म्हणतात, म्हणजे श्रमाने न मिळविलेली. हा शब्द जॉन स्टुअर्ट मिल्लच्या परंपरेतला आहे. १८७० च्या सुमारास इंग्लंडातील जमीनदारांच्या आयत्या वाढीवर कर बसविण्यासाठी त्याने चळवळ केली होती, आणि त्या विचाराचे मूळ रिकार्डोच्या खंडात होते. तो आता वेठ करून जमीन राखलेल्या वतनदाराच्या नातवाला लागू होतो.